फोन आला की मजकूर जायचा

माझ्या नणंदेला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, असं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. नळाला पाणी कधी येतं, गच्चीची किल्ली कुठे असते, तशाच सुरात. पण तिच्याबरोबर एका घरात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत वेगळं झालंय. तिचा राग बहुतेक वेळा बरोबर जागी जातो. बाकीचे आम्ही तो गिळून गप्प बसलेले असतो, एवढाच फरक.

ताई प्रोग्रामर. एका छोट्या कंपनीत एडिटरवर काम करायची. एडिटर म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर. त्यात नुसती अक्षरं असतात, चित्रं, रंग, नक्षी काही नाही. अनुवादक, लेखक, कोर्टातले टायपिस्ट असे लोक ते टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वापरत. मूळ ज्या म्हाताऱ्या मालकांनी ते लिहिलं, त्यांनी त्याचा कोड सगळ्यांना मोकळा करून ठेवला होता. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे वाटावा. मालक वारले, गादीवर त्यांचा पुतण्या आला. त्याला सगळे साहेब म्हणत. ताईला मात्र ऑफिसात ‘कंस’ म्हणत, कारण दुसऱ्याच्या कोडमध्ये उघडलेला कंस बंद करायचा राहिला असेल, तर तिला तो लांबूनच दिसायचा. बाईमाणसाला हे नाव ठेवणाऱ्याला त्याचे दोन्ही अर्थ चांगले ठाऊक होते. ताईलाही होते. तिनं ते लावून घेतलं नाही.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट कायमची बंद. माझा नवरा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे या विषयावर घरात कोणी बोलत नसे. जिन्याच्या वळणावर कठडा सैल झाला होता. ताईनं तो दुरुस्त करा म्हणून किती वेळा सांगितलं असेल. एक दिवस फरशी नुकतीच पुसलेली होती, तिचा पाय सटकला, हात कठड्याला गेला आणि कठडा तिच्याबरोबर खाली आला.

मणका दुखावला. डॉक्टर म्हणाल्या, “उभं राहिलात तर चालेल थोडा वेळ, घरातल्या घरात फिरा. पण बसायचं नाही. काही महिने खुर्ची विसरा. आणि लॅपटॉप पोटावर घेऊन पडायचं तर मनातही आणू नका.”

ऑफिसातून फुलं आली. कठड्याबद्दल त्यात काही नव्हतं.

ताईला आम्ही मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर ठेवलं. माझ्या नवऱ्यानं जुन्या टेबललॅम्पची वळणारी दांडी पलंगाच्या डोक्याशी पक्की केली आणि तिच्या टोकाला फोन अडकवायची सोय केली. फोन तिच्या तोंडासमोर लटकू लागला. तिनं पहिला फोन लावला तो साहेबांना. स्पीकर चालू होता, त्यामुळे मी चादरीच्या घड्या घालता घालता सगळं ऐकलं.

“साहेब, कामं पाठवत जा. मी इथून करीन.”

“अहो, फोनवरून काय काम करणार तुम्ही? आराम करा. पिक्चर बघा मस्तपैकी.”

“आपला एडिटरच फोनवर चालवून बघते म्हणते मी.”

साहेब हसले. वाईट नाही, लाडानं हसतात तसं. “फोनवर कोण लिहितं हो, ताई? फोनवर माणसं वाचतात. लिहायला टेबल-खुर्ची लागते.”

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “लोक सारखे विचारतात गं. फोनवर चालेल असं काढा, आमच्याकडे दुसरं काही नाही, म्हणून. मी स्वतः वाचलेत ते मेल. टेबल-खुर्ची लागते म्हणे. म्हणजे ज्याच्याकडे टेबल नाही त्यानं लिहायचंच नाही?”

दुसऱ्या दिवसापासून तिनं एडिटरचा कोड फोनवर उतरवायला घेतला.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण तिच्याशेजारी बसून जेवढं कानावर पडलं तेवढं सांगते. माणसानं लिहिलेल्या सूचना यंत्राला कळतील अशा करून देणारा एक प्रोग्राम असतो. तो तिनं फोनवरच बसवला आणि एडिटरचा सगळा कोड त्याच्या पुढ्यात टाकला. फोन एवढा तापला की हात लावणं मुश्किल. सासूबाईंनी तो दांडीवरून काढून स्टीलच्या ताटात घातला आणि ताट गार फरशीवर ठेवलं. “याला थर्मामीटर लावू का?” असंही विचारलं. त्यांना खरं तर हे सगळं बंदच करायचं होतं. एकदा त्यांनी चार्जर धान्याच्या डब्यामागे लपवला.

“डॉक्टरांनी आराम सांगितलाय,” त्या म्हणाल्या.

“आई, माझा मणका दुखावलाय. डोकं नाही.”

चार्जर परत मिळाला. पण एडिटर तयार होऊन चालू करायची वेळ आली, तेव्हा फोननंच आडकाठी घातली. पडद्यावर पाटी आली, की हे सॉफ्टवेअर अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, तुमच्या फोनला धोका होऊ शकतो.

“अनोळखी?” ताई म्हणाली. “अर्ध्याहून जास्त मी लिहिलंय. आत्ता, याच फोनवर बांधलंय. फोन कोणाचा? माझा. आणि मला विचारतोय तू कोण.” फोनवर इतकं चिडलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते चिडणं सासूबाईंवरही होतं, साहेबांवरही होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

शेवटी एडिटर उघडला. अक्षरं मुंगीएवढी. माउससाठी केलेली बटणं इतकी बारीक की एकाला हात लावावा तर शेजारचं दबायचं. कीबोर्ड वर आला की अर्धा पडदा झाकायचा, आणि आपण लिहितोय ती ओळ नेमकी त्याच्याखाली. ते सगळं तिनं हळूहळू निस्तरलं. मग तिनं पहिला शब्द लिहिला, ‘पाणी’. पडद्यावर उमटलं, ‘पपापाणपाणी’.

सासूबाई डोकावून म्हणाल्या, “हे तुझ्या बाबांसारखं बोलतंय. चिडले की असेच अडखळायचे.”

ताई हसली. पडल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. मग तिनं मला समजावलं. टेबलावरचा कीबोर्ड एकदा कळ दाबली की एक अक्षर देऊन मोकळा होतो. फोनचा कीबोर्ड तसा नाही. तो सारखा प्रस्ताव देत राहतो. आत्तापर्यंतचा शब्द प, नाही, पा, नाही, पाण, नाही, पाणी. आधीचं रद्द समजून नवं घ्यायचं असतं. पण आपला एडिटर जुन्या वळणाचा, एकदा दिलं ते दिलं असं मानणारा. म्हणून तो प्रत्येक प्रस्ताव खरा धरून लिहीत सुटला होता.

हे कळायलाच तिला किती दिवस लागले. दर कळीमागे प्रोग्रामनं एक ओळ लिहून ठेवायची, अशी तिनं व्यवस्था केली होती. मग त्या ओळींच्या लांबच लांब याद्या बोटानं वर सरकवत ती पडल्या पडल्या वाचायची. दंड भरून यायचे. ‘स्त्री’ हा शब्द खोडायला गेलं की कीबोर्डला वाटायचं एक अक्षर गेलं, एडिटरला वाटायचं दुसरंच गेलं, आणि मध्ये एक अर्धवट तुकडा लोंबकळत राहायचा. “आपल्या भाषेचा विचार कोणी केलाच नाही,” ती म्हणायची. “जोडाक्षर म्हणजे यांना नसतं झेंगट वाटतं.” तेही तिनं सरळ केलं.

आणि मग एका दुपारी मी दुकानातून तिला फोन केला. गोळी घेतलीस का, एवढंच विचारायला. संध्याकाळी घरी आले.

“तुझा फोन आला आणि मजकूर गेला,” ती म्हणाली.

सकाळपासून तिनं त्या एडिटरमध्ये, एडिटरबद्दलच, बरंच काही लिहिलं होतं. माझ्याशी बोलून परत गेली तर पान कोरं. तिनं पुन्हा लिहून बघितलं, भावाला फोन करायला सांगितला. पुन्हा कोरं.

“या फोनच्या अंगात जागा कमी,” ती म्हणाली. “आपण एका प्रोग्राममधून दुसरीकडे वळलो की मागच्याचा गळा दाबून मोकळा होतो. विचारत नाही, सांगत नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर निदान जाताना विचारतो, की बाबा हे ठेवू का टाकू. आणि हा? माणसानं लिहिलेलं आहे, एवढीसुद्धा किंमत नाही.”

यावर उपाय होता, पण नाजूक. प्रोग्राम मागे पडतो त्या क्षणी फोन त्याला एक बारीकशी खूण देतो. त्या एवढ्याशा वेळात सगळं जपून ठेवायचं. शिवाय लिहिणारा जरा थांबला की तेव्हाही ठेवायचं, आणि परत उघडल्यावर ते शोधून पुढ्यात आणायचं. ती बदल करायची, एडिटर पुन्हा बांधायची, फोन ताटात जायचा, आणि मग आमची पाळी. मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता नणंदेला मिस्ड कॉल द्यायची. माझा नवरा लिफ्टच्या खड्ड्यातून द्यायचा. एकदा दुकानाचे मालक म्हणाले, “घरी काही कटकट आहे का?” मी म्हटलं, “आहे, पण सुटत आलीय.”

सुटली. एके दिवशी फोनवर फोन आले आणि मजकूर जागचा हलला नाही. ताईनं तो एडिटर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. केलेला प्रत्येक बदल ती आधीपासूनच उघड्यावर मांडत आली होती. मालकांनी घालून दिलेली रीत ती.

काही आठवड्यांनी साहेबांचा एक व्हिडिओ आला. मागे ऑफिसची भिंत, अंगात नवा कोट. “लोक आता फोनवर लिहितात, हे आम्ही वेळीच ओळखलं,” असं ते सांगत होते. कंपनीचा फोनवरचा एडिटर बाजारात आला होता. मोठी अक्षरं ताईची, जोडाक्षरं ताईची. नाव कुठेच नाही.

माझा नवरा भडकला. “ही सरळ चोरी आहे.”

“चोरी नाही,” ताई म्हणाली. “मोकळं ठेवलं होतं, घेतलं. नाव न घालणं हा नालायकपणा आहे, पण ते राहू दे. यांनी घाईत अर्धवट घेतलंय. फोन आला की मजकूर जातो, तेव्हाचं.”

तिनं त्याच दिवशी कळवलं, की यात दोष आहे, दुरुस्ती तयार आहे, फक्त उचलून घ्या. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभार, पुढील आवृत्तीत विचार करू.

मग ती तक्रार आली. कंपनीच्या पानावर लोक अडचणी लिहायचे, ताई पडून पडून त्या वाचायची. एका वृद्धाश्रमातल्या नर्सनं लिहिलं होतं. कामातून उसंत मिळाली की ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या आठवणी फोनवर उतरवून घेत असे. एक आजोबा होते, उंच पूल रंगवायचं काम केलेले. त्यांनी बरंच काही सांगितलं. तेवढ्यात वॉर्डातून फोन आला, ती धावली, परत येऊन बघते तर काही नाही. तिला वाटलं, उद्या पुन्हा विचारून घेऊ. आजोबा त्यानंतर बोलायच्या स्थितीतच राहिले नाहीत, आणि मग गेलेच.

खाली कंपनीचं उत्तर होतं. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. कृपया आपले लेखन नियमितपणे सेव्ह करण्याची सवय लावावी.’

ताईनं ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

“सवय लावावी,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “दोष यांच्या पदरात. यांना माहीत आहे, मी लिहून कळवलंय. आणि हिला सांगतायत, सवय लावावी.”

तिनं पानावरच त्या नर्सला आपला नंबर कळवला. नर्सचा फोन आला, तो मी तिच्या कानाशी धरला.

“मी कंपनीतर्फे बोलत नाहीये,” ताईनं आधी सांगितलं. “तुम्ही तो एडिटर नंतर उघडलात का?”

“नाही हो. हातच लावावासा वाटला नाही.”

“फार चांगलं केलंत. आता मी सांगते तेवढंच करायचं. घाई नाही.”

त्या जुन्या आवृत्तीत अधूनमधून मजकुराची एक प्रत पडून राहायची, पण फोनवर ती कुठे जाते हे एडिटरलाच कळत नसे. ताईला कळत होतं. ती डोळे मिटून सांगत होती, इथे दाबा, आता काय दिसतं ते वाचा, नाही, त्याच्या वरचं. पलीकडून नर्सला कोणी कोणी हाका मारत होतं. ती जायची, परत यायची. अख्खी दुपार गेली. शेवटी एक विचित्र नावाची फाइल सापडली. ती तिनं उघडली.

“आहे,” नर्स म्हणाली. “सगळं नाही. पण आहे.”

मजकूर एका वाक्याच्या मध्येच तुटला होता. आजोबा दोराच्या झुल्यावर लटकून रंग देत असताना खाली त्यांची बायको डबा घेऊन यायची, तिथपर्यंत. “पुढचं त्यांनी सांगितलेलं मला आठवतं,” नर्स म्हणाली, “पण त्यांच्या शब्दांत नाही आठवत.”

“मग तुमच्या शब्दांत लिहा,” ताई म्हणाली. “आणि तुमचे आहेत असं खाली नोंदवा.”

डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली, तशी ती ऑफिसला निघाली. एकटीला कशी सोडणार, म्हणून मी बरोबर गेले. लिफ्ट बंद होती. कठडा मात्र नवा होता. आम्ही दर जिन्याला थांबत थांबत वर गेलो.

“अरे, या, या. बसा ना,” साहेब म्हणाले.

“बसता येत नाही मला. म्हणून तर हे सगळं झालं.” ती त्यांच्या टेबलाला टेकून उभी राहिली. “तुमच्या फोनमध्ये आपला एडिटर आहे ना? काहीतरी लिहा.”

“आत्ता?”

“दोन ओळी लिहा.”

त्यांनी लिहिलं. ताईनं आपल्या फोनवरून त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, समोरासमोरच ‘हॅलो’ म्हणाले, ठेवला आणि एडिटर उघडला. पान कोरं होतं.

“दोनच तर ओळी होत्या,” साहेब म्हणाले.

“म्हणून तुम्हाला काही वाटलं नाही.”

ते जरा ओशाळले, हे मला दिसलं. दुरुस्ती याच आठवड्यात घालतो, म्हणाले. मग म्हणाले, “तुमचं नावही घालू. ते राहूनच गेलं.”

“नाव नंतर बघू. त्या नर्सबाईंना लिहा की चूक त्यांची नव्हती, आमची होती.”

“हे बघा, दुरुस्ती करतोय ना आपण? चूक मान्य असं लेखी द्यायचं नाही, वकिलांनी बजावलंय. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.”

“मनालाच लावून घ्यायचं असतं हे. दुसरं कुठे लावू?”

ताई आपल्या जागेवर गेली. खुर्ची बाजूला सारली, उभ्या उभ्या कॉम्प्युटर चालू केला आणि कंपनीच्या तक्रारींच्या पानावर गेली. मजकूर गेला म्हणून ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं, त्या प्रत्येकाच्या खाली तिनं उत्तर लिहिलं. तुमची चूक नव्हती. दोष आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि तो आम्हाला माहीत होता. खाली स्वतःचं नाव. कंस नव्हे, खरं नाव. प्रत्येक उत्तर तिनं वेगळं लिहिलं, एकाचं दुसऱ्याला चिकटवलं नाही. पाठ भरून आली की ती खिडकीपर्यंत जायची आणि परत यायची. आसपासची माणसं मान खाली घालून काम करत होती. एक बाई तेवढी पाण्याचा ग्लास आणून ठेवून गेली.

संध्याकाळपर्यंत ती उत्तरं काढून टाकण्यात आली. पण ज्यांना जायची त्यांच्या मेलवर ती आधीच गेली होती. आठवडाभरात ताईला पत्र आलं. शिस्तभंग वगैरे शब्द होते. तिची नोकरी गेली.

ती रडली नाही, असं मी म्हणणार नाही. रडली, आणि रडताना चिडली होती. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे म्हणाल्या, “चार्जर देऊ का?”

आता ती घरूनच कामं घेते. माझ्या नवऱ्यानं तिला छातीएवढं उंच टेबल करून दिलंय. थोडा वेळ बसता येतं, पण ती उभीच असते. फोनवरचा एडिटर ती अजून सांभाळते. नर्सचा अधूनमधून फोन येतो. तिनं आजोबांचा मजकूर पुरा केला, आणि आता एका आजीबाईंचा घेतलाय. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून दाखवावा लागतो, तेव्हा अक्षर आणखी मोठं होईल का, असं तिनं विचारलं. ताईनं करून दिलं.

कंपनीही ताईच्या दुरुस्त्या घेतच असते. मोकळ्या आहेत, घेणारच. नाव अजून घातलेलं नाही. परवा त्यांची नवी आवृत्ती आली, तेव्हा ताईनं मला हाक मारून काय काय नवीन आहे ती ओळ दाखवली. तिथे लिहिलं होतं, ‘विविध सुधारणा’.

“विविध,” ताई म्हणाली, आणि पुढे बराच वेळ बोलत राहिली. मी दुकानात जायला निघाले होते. पिशवी खाली ठेवली आणि ऐकत उभी राहिले.